विझलेल्या माळांचा इतिहास

चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात, ग्वांगझौच्या उत्तरेला, छिंगयुआन शहराच्या हद्दीत शिज्याओ नावाचे गाव आहे. अमेरिकेत नाताळ सरला की बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा घराघरांतून बाहेर पडत, भंगारवाल्यांकडे साठत, गठ्ठे बांधून जहाजात चढत आणि त्यांतल्या पुष्कळशा या गावात येऊन थांबत. ॲडम मिंटर या अमेरिकी पत्रकाराने २०११ च्या सुमारास तिथले कारखाने पाहिले. त्याने लिहिले आहे की गावात या कामाचे किमान नऊ कारखाने होते आणि वर्षाला दोन कोटी पौंड, म्हणजे नव्वद लाख किलोंच्या आसपास माळा तिथे मोडल्या जात. सणाच्या एका क्षुल्लक वस्तूवर आख्खे गाव पोसले जात होते ही गोष्ट नवलाची आहेच, पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. याच गावात आधी माळा जाळल्या जात आणि पुढे जाळणे थांबले. ते का थांबले, या प्रश्नाच्या उत्तरात जुन्या माळांची जबाबदारीने विल्हेवाट लावणे म्हणजे काय हेही सापडते. माळ टाकणाऱ्या घराच्या सद्भावनेने माळेचे नशीब कधी ठरले नाही. तिच्यात तांबे आहे एवढ्यानेही ती वाचली नाही, उलट तांब्यापायीच ती जळाली. तांब्याभोवतीच्या प्लास्टिकला गिऱ्हाईक मिळाले तेव्हा कुठे ती धुरातून सुटली. हे म्हणणे पटवायचे तर माळेचा सगळा प्रवास पाहावा लागेल, कारण टाकाऊपण हा काही माळेचा जन्मजात गुण नव्हता.

विजेच्या दिव्यांची पहिली नाताळ माळ १८८२ सालची. थॉमस एडिसनच्या कंपनीतला उपाध्यक्ष एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे हाताने तारा जोडून लावले आणि ते झाड मोटरीवर फिरते ठेवले. तेव्हा घराघरांत वीज नव्हती आणि तयार माळही नव्हती. दिवे हवे असतील तर तारतंत्री बोलावून एकेक होल्डर जोडून घ्यावा लागे. त्यामुळे वीस वर्षे ही श्रीमंतांचीच हौस राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी जोडलेल्या होल्डरांची सोळा फुटी माळ अमेरिकेत बारा डॉलरला पडे. सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या कमाईच्या आसपासची ही रक्कम. १९०३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने तयार संच विकायला काढले, तरी अनेक जण माळ विकत न घेता सणापुरती भाड्याने आणत. अशा माळेला कचरा करणे कुणालाच परवडणारे नव्हते. दिवा गेला तर दिवा बदलायचा, होल्डर सैल झाला तर आवळायचा, सण झाला की माळ परत करायची किंवा पेटीत जपून ठेवायची. वस्तू महाग होती म्हणून ती टिकवली जाई, हे खरेच. पण ती टिकवता येईल अशी घडवलेलीही होती, हेही तितकेच खरे. दिवे पिरगाळून बसवायचे होते, तार जाड होती, वरचे आवरण बहुधा कापड आणि रबराचे होते.

मग माळ स्वस्त होत गेली. १९२० च्या दशकात अमेरिकेतले माळा बनवणारे एकत्र आले, त्यांच्या संघटनेतून नोमा ही कंपनी उभी राहिली आणि अनेक दशके तिने या बाजारावर राज्य केले. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीहून, मग जपानहून आणि तैवानहून बारीक दिव्यांच्या माळा येऊ लागल्या, त्यांनी नोमाला मागे सारले आणि १९६५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. दुरुस्तीची शक्यता कुठे संपली हे कळण्यासाठी या बारीक माळांची रचना नीट पाहायला हवी. एकामागोमाग एक, म्हणजे आपण ज्याला सिरीज म्हणतो तशा जोडणीत पन्नास दिवे ओवले की अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच व्होल्ट येतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, दिवा इवलासा करता येतो आणि तारही बारीक चालते. अडचण अशी की एक दिवा गेला की सगळी माळ अंधारते. त्यावर तोडगा म्हणून दिव्याच्या आत तंतूच्या बुंध्याशी वेटोळ्याची एक बारीक तार बसवली गेली. तंतू तुटला की ती तार वीज पुढे नेते आणि उरलेले दिवे चालू राहतात. पण मेलेल्या दिव्याच्या वाट्याचे व्होल्ट आता उरलेल्यांवर वाटले जातात, ते जास्त तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. म्हणजे एक दिवा वेळेवर न बदलणे हे सगळ्या माळेला लवकर मारणे ठरते. पन्नासांतला नेमका कोणता गेला हे शोधायला लागणाऱ्या तासाभराची किंमत नव्या माळेपेक्षा जास्त झाली, त्या क्षणी दुरुस्ती व्यवहारातून बाद झाली. यात माणसाच्या आळसापेक्षा कारखान्यातल्या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

आता टाकलेल्या माळेत काय असते ते पाहू. वजनाच्या साधारण पाव हिस्सा तांबे, होल्डरमध्ये थोडे पितळ, दिव्यांची काच आणि बाकी सगळे प्लास्टिक. त्यातही तारेवरचे आवरण पीव्हीसीचे. जाड केबल सोलून काढता येते, तिच्यातल्या तांब्याला वरचा भाव मिळतो आणि सोलणाऱ्याच्या मजुरीचे चीज होते. माळेची तार सुतळीइतकी बारीक, जागोजागी होल्डर, वर दोन-तीन तारांचा पीळ. ती सोलणे म्हणजे दिवसभर बसून मूठभर तांबे मिळवणे. म्हणून भंगाराच्या धंद्यात माळ ही सगळ्यांत हलक्या दर्जाची तार मानली जाते आणि तिच्यातले तांबे काढायचा सर्वांत स्वस्त उपाय सगळीकडे एकच होता. ढीग करायचा, पेटवायचा, राखेतून तार वेचायची. हा आशियातल्या गरीब देशांचा अडाणीपणा होता असे जे सर्रास सांगितले जाते ते इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतल्या भंगाराच्या वखारींतही विसाव्या शतकात दीर्घकाळ तारा उघड्यावर किंवा साध्या भट्टीत जाळल्या जात होत्या. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर तिथे धुरावर बंधने आली आणि तारांचे बारीक तुकडे करून धातू वेगळा काढणाऱ्या यंत्रांचा वापर वाढला. जाड केबलसाठी हे यंत्र परवडे, माळेसाठी परवडत नसे.

जाळणे स्वस्त का पडते आणि कुणाला महाग पडते, हे रसायनशास्त्र स्पष्ट सांगते. पीव्हीसीच्या वजनात अर्ध्याहून अधिक क्लोरीन असतो. तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. कमी उष्णतेवर, अपुऱ्या हवेत, उघड्या ढिगात तो जळला तर डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात आणि या अभिक्रियेला सर्वांत जोमाने चालना देणारा धातू म्हणजे तांबेच. म्हणजे माळ जाळणे ही डायॉक्सिन तयार करण्याची जवळजवळ आदर्श रीत आहे. जगभर ज्यांच्यावर बंदी घालायची किंवा ज्यांना आवर घालायचा असे ठरले त्या पदार्थांच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा नावांत डायॉक्सिन आहेत. हा करार भारतानेही मान्य केला आहे. त्यात भर म्हणजे जुन्या आवरणांत पीव्हीसी टिकावे म्हणून शिशाची संयुगे घातलेली असत. जळाल्यावर शिसे राखेत राहते, राख मातीत आणि पाण्यात जाते, तिथून मुलांच्या हातातोंडात जाते. तांब्याचा भाव भंगारवाल्याला मिळतो, शिशाची किंमत त्याची मुले देतात. एवढे स्पष्ट असूनही जाळणे थांबत नव्हते, कारण राखेतून निघालेल्या तांब्याला गिऱ्हाईक होते आणि धुराची किंमत मागणारा कुणी नव्हता.

अमेरिकेत बंधने आल्यावर हलक्या तारांनी देश बदलला. १९७० आणि ८० च्या दशकांत त्या मोठ्या प्रमाणावर तैवानला जाऊ लागल्या. ताइनानजवळ अर-रेन नदीच्या काठाने तारा जाळण्याचा आणि धातू आम्लात धुण्याचा धंदा फोफावला. १९८६ मध्ये या नदीच्या मुखाशी पाळलेले कालव हिरवे पडले. अंगात साठलेल्या तांब्याने त्यांचा रंग बदलला होता. तैवानमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने असल्या मिश्र भंगाराची आयात बंद केली. धंद्याने पुन्हा समुद्र ओलांडला आणि तो ग्वांगदोंगमध्ये उतरला. बारीक दिव्यांच्या माळा बनवण्याचे कारखानेही त्याच काळात तैवानमधून चीनच्या किनाऱ्याकडे सरकत होते. म्हणजे माळेचा जन्म आणि तिचा अंत, दोन्ही एकाच वाटेने चालत होते. ही वाट स्वस्त मजुरीची होती आणि तक्रार करणाऱ्यांपासून दूर जाणारी होती.

शिज्याओची सुरुवात तशीच झाली. स्वस्त जमीन, धूर सोडायला मोकळे रान आणि तांब्यासाठी आसुसलेले आजूबाजूचे कारखाने, एवढ्या भांडवलावर तिथे माळा जळू लागल्या. पण मिंटरने पाहिले तेव्हा तिथले चित्र वेगळे होते. टनभर वजनाचे गठ्ठे मजूर हाताने सोडवत, माळा छोट्या यंत्रांत टाकत, यंत्रे त्यांचे मिलिमीटरभर तुकडे करत. ते तुकडे पाण्यात कालवून चिखलासारखा लगदा होई आणि तो फावड्याने एका मोठ्या, उतरत्या, सतत थरथरणाऱ्या टेबलावर पडे. टेबलावरून पाण्याचा पातळ पडदा वाहत असे. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊपट आहे, पितळेची साडेआठपट, काचेची अडीचपट आणि पीव्हीसीची दीडपटीहूनही कमी. थरथरीने जड तांबे-पितळ एका बाजूला सरकत जाते, हलके प्लास्टिक आणि काच पाण्याबरोबर टोकाशी वाहून खालच्या पेटीत पडतात. जे तांबे मिळे ते सुमारे ९५ टक्के शुद्ध असे. जमिनीतून निघणाऱ्या तांब्याच्या दगडात धातूचे प्रमाण अनेकदा एक टक्क्याच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे मोल कळते.

या टेबलात नवे असे काहीच नव्हते. अमेरिकेतल्या कोलोराडोच्या खाणींत आर्थर विल्फली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धातुकाची माती धुण्यासाठी असेच थरथरते टेबल बनवले होते आणि ते जगभर वापरले गेले. त्याच्याही फार आधीपासून नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेगळे करणारे हात हेच तत्त्व वापरत आले आहेत. आपल्याकडचे झारेकरी सराफ बाजारातल्या दुकानांपुढचा केर आणि गटारातला गाळ गोळा करून, तो पाण्यात हलवून, तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचतात. त्यांची परात आणि शिज्याओचे टेबल एकाच कुळातले. मग प्रश्न उरतोच. इतके जुने आणि सोपे तंत्र हाताशी असताना शिज्याओने आधी वर्षानुवर्षे माळा जाळल्या का? उत्तर असे की केवळ तांबेच हवे असेल तर जाळणे पाण्यापेक्षा स्वस्त पडते. टेबल, यंत्रे, पाणी, वीज, मजुरी यांचा खर्च तांब्याच्या त्याच भावातून काढायचा तर हिशेब जुळत नाही. हिशेब जुळला तो तेलाच्या आणि त्यामागे प्लास्टिकच्या किमती चढल्यावर. चपलांचे तळवे बनवणाऱ्या कारखान्यांना नवे प्लास्टिक महाग पडू लागले आणि ते स्वस्त मालाच्या शोधात निघाले. माळेच्या आवरणाचा भुगा त्यांना चालत होता. ज्याचा काल धूर केला जात होता तेच आज विकले जाऊ लागले आणि विकायचा माल कुणी जाळत नाही. मिंटरच्या लेखाच्या मथळ्यातच जुन्या दिव्यांच्या चपला होण्याचा उल्लेख होता. ही गंमत म्हणून पुष्कळांनी वाचली. माझ्या मते या सगळ्या कहाणीचा कणाच तो आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की धूर थांबला तो सरकारी धाकाने, चपलांच्या तळव्यांनी नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे. चीनमध्ये त्या वर्षांत पर्यावरणाविषयी दबाव वाढत होता आणि उघड्यावर जाळणे कठीण होत होते. पण धाक एकटा काय करतो हे पाहायला त्याच प्रांतातल्या ग्वेइयूकडे जावे लागते. २००२ मध्ये दोन अमेरिकी संस्थांनी काढलेल्या एका अहवालाने हे नगर जगाला ठाऊक झाले. तिथे संगणक मोडले जात. गावातल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला, त्यात सरासरी दर डेसिलिटरला १५.३ मायक्रोग्रॅम आढळले, शेजारच्या गावात ते ९.९४ होते. या ग्वेइयूत संगणकांची प्लास्टिकची खोकी मात्र जळत नव्हती. लोक त्यांचे तुकडे रंगावरून, वासावरून, वाजवून वेगवेगळे करत आणि विकत, कारण त्यांना भाव होता. जळत होते ते सर्किट बोर्ड, ज्यांतल्या राळेला कुणी विचारत नव्हते. एकच गाव, तीच माणसे, तेच सरकार. ज्या भागाला गिऱ्हाईक होते तो जपला गेला आणि ज्याला नव्हते तो आगीत किंवा आम्लात गेला. बंदी होती ती दोन्हींना सारखीच. म्हणून मी कायद्याला कमी लेखत नाही, पण कायदा जाळणे महाग करतो आणि न जाळणे परवडेल की नाही हे बाजार ठरवतो. दोन्ही टोके एकदम धरली तरच धूर थांबतो. तैवानने एकच टोक धरले, म्हणून तिथला धूर विझला आणि ग्वांगदोंगमध्ये पेटला.

हीच बाब किमतीच्या चढउतारांतही दिसते. २००१-०२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास होते, २००६ मध्ये ते आठ हजारांवर गेले आणि २०११ च्या फेब्रुवारीत दहा हजार ओलांडून गेले. अमेरिकेतल्या दुकानांनी आणि नगरपालिकांनी जुन्या माळा गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या त्या बहुतांशी याच चढत्या वर्षांत. लोकांचे पर्यावरणप्रेम अचानक उफाळून आले असे मानण्यापेक्षा भाव चढला होता असे मानणे अधिक प्रामाणिक होईल. गोळा करणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की तांब्याच्या भावावर उभी राहिलेली मोहीम भाव उतरला की बसते, म्हणून जबाबदारीचा पाया तिथे घालता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो नीतीचा आहे. श्रीमंत देशाने आपल्या सणाचा कचरा गरीब देशाच्या माथी का मारावा? घातक कचऱ्याच्या निर्यातीवरचा १९८९ चा बासेल करार याच अन्यायातून जन्माला आला आणि अमेरिकेने त्यावर सही करूनही तो आजवर मंजूर केलेला नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अर-रेनच्या काठचे कालव आणि ग्वेइयूची मुले आठवली की निर्यात सरसकट बंद करावी असे कुणालाही वाटेल. चीनने २०१७ मध्ये परदेशी कचऱ्यावर बंधने जाहीर केली आणि २०१८ च्या अखेरीस तारा, मोटरी यांसारख्या मिश्र धातुभंगाराची आयात बंद झाली. आपल्या भूमीचा उकिरडा होऊ न देण्याचा त्या देशाला पूर्ण हक्क होता. पण तिथे जाळणे मागे टाकून टेबलापर्यंत पोचलेले कारखानेही त्या बंदीत सापडले आणि भंगार आग्नेय आशियाकडे वळले. तिथे शिज्याओचा सगळा धडा पहिल्या पानापासून गिरवावा लागणार. माळ कुठल्या देशात मोडली जाते यापेक्षा ती कशी मोडली जाते हे अधिक महत्त्वाचे आहे असे मी म्हणतो ते याचसाठी. शिज्याओच्या टेबलांनाही डाग आहेत. धुण्याच्या पाण्यात धातूचे बारीक कण आणि आवरणातले शिसे उतरते, ते पाणी साफ न करता सोडले तर धूर पाण्यात बदलला एवढेच होते. शिवाय शिसे असलेले जुने पीव्हीसी पुन्हा चपलेत गेले तर ते पायाखाली आले. मी या पद्धतीला निर्दोष म्हणत नाही. जाळण्यापेक्षा ती कितीतरी चांगली आहे आणि तिच्यातले दोष दुरुस्त करता येतात, कारण तिच्यात माल शिल्लक राहतो. जळलेल्यात दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

तिसरे म्हणणे हल्ली सर्वांत जास्त ऐकू येते. एलईडी आल्यावर हा प्रश्न सुटला, जुन्या माळा टाका आणि नव्या घ्या, असे ते म्हणणे. विजेची बचत खरी आहे. शंभर बारीक तंतुदिव्यांची माळ साधारण चाळीस वॉट खाते, तेवढ्याच एलईडी दिव्यांना सात-आठ वॉटही पुरतात. पण माळ वर्षात काही दिवसच लागते आणि बिघडली की उरलेले सगळे दिवस ती कचरा असते. एलईडीचा दिवा दीर्घायुषी असला तरी स्वस्त माळेचा दुबळा भाग दिवा नसतोच. तिथे तुटते ती तार, गंजतो तो जोड, जळतो तो नियंत्रक. आणि दिवा तारेलाच डाखलेला असल्यामुळे बदलताही येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नाताळच्या माळांतले दिवेही तपासले होते. कमी प्रकाशाच्या लाल एलईडीत त्या राज्याच्या मर्यादेच्या आठपटीपर्यंत शिसे निघाले. माझ्या युक्तिवादाच्या दृष्टीने मात्र सर्वांत चिंतेची गोष्ट वेगळी आहे. एलईडीला वीज थोडी लागते म्हणून तार आणखी बारीक झाली, आणि काही स्वस्त माळांत तर तांब्याचा नुसता मुलामा दिलेली पोलादी किंवा ॲल्युमिनियमची तार येते. जुन्या माळेला निदान तांब्यासाठी कुणी उचलत होते. नव्या माळेला तेवढाही आधार राहिलेला नाही. जी माळ वीज वाचवते ती भंगाराच्या बाजारात कवडीमोल ठरते, आणि कवडीमोल वस्तूची वाट थेट कचराभूमीकडे जाते.

महाराष्ट्रात नाताळपेक्षा गणपती आणि दिवाळीच्या माळा अधिक, आणि त्यांतल्या मोठ्या भागाची निर्मिती अजूनही चीनमध्येच होते. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात दिवाळीआधी किलोच्या हिशेबाने घ्यावीत तशी माणसे तोरणे घेऊन जातात. तुळशीचे लग्न झाले की यांतली पुष्कळशी निकामी होतात आणि ओल्या-सुक्याच्या डब्यात पडतात. तिथे त्या नुसत्या वायाही जात नाहीत, नुकसानही करतात. कचरा वेगळा करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांभोवती माळ गुंडाळली गेली की यंत्र बंद करून ती कापून काढावी लागते. परदेशातल्या कित्येक नगरपालिका म्हणूनच माळा सुक्या कचऱ्यात टाकू नका असे बजावतात. भंगारवाल्याने उचललीच तर तांब्यासाठी उचलली, आणि आडोशाला तार जाळण्याची जुनी रीत आपल्याही शहरांच्या कडेला जिवंत आहे. या माणसांना दोष देऊन काही साधणार नाही. ज्याला आवरणाचे पैसे कुणी देत नाही त्याने ते सोलत बसावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये आले, पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले गेले. त्यांचा गाभा असा की वस्तू बाजारात आणणाऱ्यानेच तिच्या शेवटाची सोय करावी. फ्रिज-टीव्हीला हे लागू करता येते, कारण त्यांच्या पाठीवर कंपनीचे नाव असते. दिवाळीच्या माळेवर बहुधा नावच नसते. उत्पादक सापडत नाही, आयात करणारा दरवर्षी बदलतो आणि नियमाचा हात हवेत राहतो. ही फट भरायची तर माळ बंदरात उतरतानाच तिच्या शेवटाचे पैसे घेतले पाहिजेत आणि ते पैसे तांब्यासाठी नव्हे, आवरणाच्या भुग्यासाठी दिले पाहिजेत. आवरण न जाळता वेगळे काढून आणणाऱ्याला किलोमागे ठरलेली रक्कम मिळाली, तर तार सोलायचे किंवा पाण्यावर धुवायचे यंत्र परवडू लागेल आणि ज्याच्या हाती आज काडेपेटी आहे त्याच्याच हाती ते जाईल. खर्च वाढेल आणि माळ थोडी महाग होईल, हे मान्य. आज ती स्वस्त आहे कारण तिच्या किमतीचा एक भाग धुरात राहणारी माणसे भरत आहेत.

आणि माळ महाग झाल्याने सण उणा होतो असेही नाही, याचा पुरावा आपल्याच गणेशोत्सवात आहे. मंडळांची रोषणाई करणारे कंत्राटदार हजारो दिवे भाड्याने देतात. विसर्जन झाले की माळा उतरवतात, गुंडाळतात, गोदामात नेतात. पुढच्या मोसमाआधी त्यांचे कारागीर प्रत्येक माळ लावून पाहतात, गेलेले दिवे बदलतात, तुटलेल्या तारा जोडतात आणि तीच माळ नवरात्रात, दिवाळीत, लग्नसराईत पुन्हा उजळते. एकाच मालकाकडे मोठा साठा असल्यामुळे अगदीच निकामी झालेली तारही एकगठ्ठा निघते, आणि एकगठ्ठा माल न जाळता मोडणे कुणालाही सोपे जाते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतली घरे माळ भाड्याने घेत ती नाइलाजाने. आपल्याकडे ही रीत आजही धंदा म्हणून तगून आहे. सोसायट्यांच्या दिवाळीसाठी, गच्चीवरच्या आणि फाटकावरच्या माळांसाठी तिचा विचार का होऊ नये, हे मला समजत नाही. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही, कारागीर आहेत, गोदामे आहेत. हवी आहे ती फक्त सुटे दिवे आणि होल्डर मिळतील अशी माळ, आणि तशी माळ मागणारे गिऱ्हाईक.